तीस पावलांची दुनळी

मागील अंकांत मेपलच्या झाडाच्या रसापासून साखर कशी काढतात ही हकीकत लिहितांना शेवटीं सहज एक वाक्य लिहून गेलों होतों : साखरेचा हंगाम संपला, आणि आमच्या शेजारच्या आजोबांची दुनळी बंदूक कपाटांतून बाहेर निघण्याचे दिवस आले. त्या एका वाक्यावर जितकीं पत्रें आलीं तितकीं साऱ्या लेखावर आलीं नाहींत. एका वाचकभगिनीनें स्पष्टच विचारलें आहे कीं, "आपल्यासारख्यांच्या घरांत झुरळ मारलें तरी आजी हात धुवावयास लावते; तसल्या घरांत वाढलेल्या माणसानें बंदुकीचें कौतुक करावें हें शोभतें काय ?" उलट एका वयोवृद्ध वाचकांनीं बंदूक कोणत्या बनावटीची, नळ्या किती इंची, अशी आस्थेवाईक चौकशी केली आहे, त्यांच्या वडिलांकडे संस्थानच्या नोकरींत असतांना तसली एक बंदूक होती. दोघांनाही उत्तर देणें प्राप्त आहे. भगिनीचें उत्तर अवघड असल्यामुळें मी तें थोडें लांबवीत आहें, याबद्दल क्षमा असावी.

ज्या पक्ष्याची ही शिकार, तो रानांतला टर्की. नांव तुर्कस्तानचें आणि जन्म अमेरिकेचा ! सोळाव्या शतकांत तो मेक्सिकोमधून युरोपांत गेला, तेव्हां त्याच्या मूळ गांवाची नीट चौकशी न करतां इंग्रजांनीं त्यास तुर्की ठरविलें, आणि पोर्तुगीजांनीं 'पेरू' म्हणून दक्षिण अमेरिकेंतील एका देशाचें नांव त्याच्या गळ्यांत बांधलें. आपण ज्या फळाला पेरू म्हणतों त्याचेंही नांव त्याच देशावरून आलें असें मानतात, हें घरांतील मुलांना सांगण्यासारखें आहे. आपल्या किनाऱ्याशीं ह्या पक्ष्याचा संबंध आला तोही पोर्तुगीजांच्या द्वारें. १६१२ सालीं जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून कांहीं अपूर्व प्राणी खरेदी करून दरबारीं रुजू केले, त्यांत एक टर्कीचा नर होता. मस्तींत आला कीं त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग घटकेंत कसा पालटतो, हें पाहून बादशहा चकित झाला. त्यानें आपल्या आठवणींत त्याचें बारकाईनें वर्णन लिहिलें आणि उस्ताद मन्सूर याजकडून चित्र काढवून घेतलें. तें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे.

जहांगीरानें पाहिलेला पक्षी पाळीव होता. पाळीव टर्की आणि रानटर्की हे एकाच कुळांतले खरे, परंतु स्वभावानें त्यांच्यांत गोठ्यांतली म्हैस आणि गवा यांच्याइतकें अंतर आहे. रानटर्कीचा पूर्ण वाढलेला नर आठ ते दहा किलो भरतो. अंगावरचीं पिसें दुरून काळीं दिसतात, पण उन्हांत तीं तांब्याच्या जुन्या घंगाळासारखीं चमकतात. छातीवर केंसांच्या झुबक्यासारखी एक 'दाढी' लोंबत असते, पायांना कोंबड्यासारखी आर असते, आणि डोक्यावर पिसें नसल्यामुळें तेथील कातडी मनाच्या भरांत लाल, पांढरी, निळी होते. त्याची नजर विलक्षण तीक्ष्ण. रात्रीं तो उंच झाडावर बसतो व झुंजुमुंजु होण्यापूर्वीं तेथूनच अशी आरोळी ठोकतो कीं अर्ध्या मैलावर ऐकूं यावी. ही आरोळी माद्यांना बोलावणें असते. नर बोलावतो आणि मादी त्याच्याकडे जाते, ही त्यांची रीत. वसंतांतील शिकारी हीच रीत उलटी करूं पाहतो. तो मादीचा आवाज काढतो व नरानें आपल्याकडे यावें अशी अपेक्षा करतो. म्हणून नर निम्म्या वाटेवर थांबतो, पिसारा फुलवून उभा राहतो, आणि 'तूंच ये' म्हणून हटून बसतो. शिकारीची सारी मौज आणि सारी हताशा ह्या निम्म्या वाटेंत आहे.

आतां थोडा मागील इतिहास. युरोपीय वसाहतवाले आले तेव्हां पूर्वेकडील ओक व चेस्टनटच्या रानांत हे पक्षी अमाप होते. पुढें रानें तुटलीं, शेतें झालीं, आणि बाजारांत विकण्यासाठीं नर, मादी, पिल्लूं असा कांहींएक विचार न करतां बारमास शिकार चालली. कनेक्टिकटमधून १८१३ च्या सुमारास पक्षी नाहींसा झाला. मॅसॅच्युसेट्समधील शेवटचा १८५१ त मारला गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत संबंध देशांत मिळून दोन लाखांच्या घरांत, किंवा त्याहूनही कमी, पक्षी उरले असावेत. ज्या दुनळ्यांचें मी आज वर्णन करणार आहें, तसल्याच दुनळ्यांनीं हा संहार केला हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

मग हा पक्षी परत आला कसा ? १९३७ सालीं एक कायदा झाला; लांब बंदुका व काडतुसें यांवरील अकरा टक्के कर त्यानें वन्य प्राण्यांच्या कामासाठीं राखून ठेवला व तो राज्यांना वाटून देण्याची व्यवस्था केली. पैसा आला, परंतु अक्कल यावयास आणखी कांहीं वर्षे लागलीं. मी राहतों त्या पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्यांनीं टर्कीचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबवून, पिल्लें वाढवून, हजारोंनीं रानांत सोडलीं. तीं बहुतेक सारीं मेलीं. कोल्हा आला तर काय करावें, हिंवाळ्यांत बर्फाखालचें ओकफळ कसें उकरावें, हें शिकवावयास त्यांना आई नव्हती. अखेर १९५० नंतर छोट्या तोफांनीं जाळें उडवून, रानांतच वाढलेले पक्षी एका झपाट्यांत पकडण्याची युक्ति निघाली, आणि ते पक्षी ओसाड रानांत नेऊन सोडतांच वंश वाढूं लागला. मॅसॅच्युसेट्समध्यें १९७२-७३ त न्यूयॉर्कमधून अवघे ३७ पक्षी आणून सोडले. आज त्या एका राज्यांत तीस हजारांहून अधिक आहेत, आणि बोस्टनच्या उपनगरांत ते भर रस्त्यावर मोटारी अडवितात. अलास्का सोडून उरलेल्या ४९ राज्यांत मिळून आज साठ लाखांच्या आसपास रानटर्की आहेत. सर्वच सुरळीत आहे असें मात्र नाहीं. गेल्या वीसएक वर्षांत दक्षिणेकडील कांहीं राज्यांत संख्या पुन्हां घटली, व तेथें हंगाम उशिरा उघडणें आणि प्रत्येकीं कमी पक्ष्यांची परवानगी देणें असे उपाय करावे लागले.

येथें एखादा वाचक म्हणेल, तर मग आपल्या सोलापूरकडील माळढोकालाही हेंच औषध द्यावें कीं काय ? मुळींच नाहीं. टर्कीची मादी एका वेळीं दहा-बारा अंडीं घालते. माळढोक बहुधा एकच. आज साऱ्या भारतांत दीडशेंच्या आसपासच माळढोक उरले आहेत, आणि त्यांचे शत्रू म्हणजे नाहींशी झालेलीं गवताळ मैदानें व विजेच्या तारा. १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद केली हें योग्यच झालें. एका घरचा काढा दुसऱ्या घरीं चालत नाहीं.

असो. आतां बंदुकीकडे वळूं.

आजोबांच्या घरीं दोन दुनळ्या आहेत. पहिली त्यांच्या पणजोबांची, एकोणिसाव्या शतकांतली. तिचे दोन्ही घोडे बाहेर असून ते अंगठ्यानें मागें ओढावे लागतात, व नळ्या 'दमास्कस' जातीच्या आहेत. लोखंड व पोलाद यांच्या बारीक कांबी एकत्र पिळून त्यांची फीत करावयाची, ती फीत एका सळईभोवतीं गुंडाळून तापवावयाची व ठोकून एकजीव करावयाची. मग तेजाबानें धुतली कीं त्या पिळाची नक्षी वर उठते. पैठणीच्या काठाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना ही नळी तासन्‌तास गुंतवून ठेवील. परंतु ती काळ्या दारूच्या काळांतली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली, तिचा दाब निराळा. आणि त्या असंख्य सांध्यांपैकीं एखाद्यांत आंतून गंज शिरला असल्यास बाहेरून कळत नाहीं. कांहीं जाणते लोक तज्ज्ञाकडून नळ्यांची जाडी मोजवून, हलकीं काडतुसें घालून अशा बंदुका आजही वापरतात. आजोबा वापरीत नाहींत. ती बैठकीच्या खोलींत भिंतीवर आहे आणि तिच्याखालीं पणजोबांचा फोटो आहे.

दुसरी बंदूक हीच आमच्या हकीकतीची नायिका. ती ह्याच राज्यांतील फिलाडेल्फिया शहरीं ॲन्स्ले फॉक्स यानें १९०५ सालीं काढलेल्या कारखान्यांत तयार झाली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ त आफ्रिकेंत शिकारीला गेले तेव्हां ह्याच कारखान्याची एक दुनळी त्यांच्याबरोबर होती. अर्थात् ती नक्षीदार, मोलाची. आजोबांची त्याच घराण्यांतली साधी बहीण, 'स्टर्लिंगवर्थ' नांवाची. तिच्यावर वेलबुट्टी नाहीं, नांवापुरती अक्षरें आहेत. आजोबांच्या आजोबांनीं ती १९२० नंतर केव्हांतरी लाकडाच्या गिरणींतील मजुरींतून घेतली. बोअर बारा. म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी नळींत नेमकी बसावी, असा हा जुना हिशेब. घोडे आंत दडलेले. दोन चाप : पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजव्या नळीचें तोंड किंचित् आवळलेलें, डाव्याचें अधिक. ह्या आवळण्यास चोक म्हणतात, आणि त्यामुळें छर्रे उशिरां पसरतात. एका बंदुकींत दोन निराळ्या पल्ल्यांची सोय अशी झालेली असते, आणि कोणती वापरावयाची हें फक्त बोट सरकवून ठरतें. दस्त्याची अक्रोडी लांकडी कड चार पिढ्यांच्या गालांनीं घासून गुळगुळीत झाली आहे.

ह्या बंदुकींतील एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढें जातां येत नाहीं. टर्कीच्या अंगावर छर्रा मारणें व्यर्थ. पिसांच्या थरांत तो अडकतो आणि पक्षी जखमी होऊन कोठेंतरी झुडुपांत मरतो. म्हणून नेम नेहमीं डोकें व मान यांवर, म्हणजे एका पळीएवढ्या जागेवर धरावा लागतो, आणि त्या जागेंत छर्रे दाट पडावयास हवेत. आजकाल त्यासाठीं टंगस्टनचे छर्रे निघाले आहेत. ते शिशाहून दीडपटीहून अधिक जड. लांबलचक काडतुसांतून, खास आवळलेल्या नळीमधून, वर तांबडा बिंदु दाखविणारी दुर्बीण लावून सोडले कीं पन्नास-साठ पावलांवर पक्षी पडतो. जुन्या फॉक्सला हें कांहींच चालत नाहीं. कठीण धातूनें तिच्या मऊ नळ्या ओरखडतील, लांब काडतूस तिच्या घरांत मावणार नाहीं, मोठा दाब तिच्या वयाला सोसणार नाहीं. तिच्यासाठीं आजोबा बिस्मथ नांवाच्या मऊ धातूच्या छर्ऱ्यांचीं हलकीं काडतुसें मागवितात. शिसें न वापरण्याचें दुसरें कारण असें कीं शिशाचे कण पोटांत गेले तर मेलेलें खाणारे गरुड-गिधाड विषानें मरतात.

हंगामापूर्वीं एका रविवारीं आजोबांनीं मला घेऊन जाऊन कागदावर टर्कीचें डोकें काढलें, आणि वीस, तीस व चाळीस पावलांवरून एक एक बार टाकला. वीसवर डोक्याची चाळण झाली. तीसवर अकरा छिद्रें पडलीं. चाळीसवर तीन, आणि त्यांतलें एक चोंचीच्या टोकाला. आजोबांनीं तिसरा कागद घडी करून खिशांत ठेवला. "माझ्या आजोबांनींही असाच कागद केला असता," ते म्हणाले, "पण त्यांना मारावयास पक्षीच नव्हता." खरेंच होतें तें. ह्या खोऱ्यांत त्यांच्या आजोबांच्या हयातींत टर्कीची आरोळी कोणी ऐकली नव्हती. बंदूक घेणारा गृहस्थ जन्मभर तिनें ससे आणि रानकोंबड्या मारीत राहिला.

आजोबांचें वय ८१. गेल्या हिंवाळ्यापासून त्यांचे हात कांपूं लागले आहेत. घरांत दोन वारसदार : एक नातू, जो दूर शहरांत असतो आणि जुन्या वस्तूंच्या बाजारभावाची ज्याला चांगली माहिती आहे; आणि एक नात, वय एकोणीस, कॉलेजांत शिकणारी. तिच्याजवळ स्वतःची नवी बंदूक आहे, पन्नास पावलांची. बंदूक कोणाला जावी याविषयीं त्यांच्या घरांत जें चाललें होतें तें आपल्या घरांतील आजीच्या पाटल्यांविषयीं जें चालतें त्याहून निराळें नव्हतें. मोठ्यानें कोणी बोलत नाहीं, आणि जेवणाच्या टेबलावर मीठ मागतांना सारें ऐकूं येतें.

हंगामाच्या पहिल्या शनिवारीं पहांटे चार वाजतां आम्ही तिघें निघालों. मी केवळ पाहुणा. थंडी म्हणून मीं पुण्याहून आणलेली लाल माकडटोपी घातली होती. ती आजोबांनीं मोटारींतच काढावयास लावली. लाल, पांढरा, निळा हे टर्कीच्या डोक्याचे रंग, आणि त्या रंगाची वस्तु झुडुपामागें हलली तर दुसरा एखादा उतावळा शिकारी तीवर बार टाकावयाचा. ह्या राज्यांत वसंतांत टर्कीचा पाठलाग करीत जाणें हाच गुन्हा आहे. एका जागीं बसून त्याला आवाजानें बोलवावें, एवढीच परवानगी. मारावयाचा तो दाढीवाला पक्षी. आणि हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यांत दुपारीं बारा वाजले कीं बंदूक रिकामी करावयाची, कारण माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात व त्यांना दुपारची तरी शांतता मिळावी.

एका जुन्या ओकाला पाठ लावून आम्ही बसलों. मोटारींतून उतरतांना आजोबांनीं फॉक्स नातीच्या हातांत दिली. आधीं सांगितलें नव्हतें. तिनें एकदां त्यांच्याकडे पाहिलें, बंदूक उघडली, दोन काडतुसें घातलीं आणि हलकेंच मिटली. ती मिटतांना जो आवाज झाला तो आमच्या घरच्या शिसवी कपाटाच्या कुलुपासारखा होता.

उजाडूं लागलें. पलीकडच्या कड्यावरून आरोळी आली. आजोबांनीं मांडीवर एक लांबट लांकडी पेटी ठेवली. तिच्या पातळ काठावर खडू लावलेलें झांकण घासलें कीं थेट मादीचा आवाज निघतो. १८९७ सालीं आर्कान्सामधील एका कारागिरानें तिचें पेटंट घेतलें होतें. त्यांनीं चारच स्वर काढले, पेटी खालीं ठेवली, आणि मग पाऊण तास ती हातांत घेतली नाहीं. बोलावून गप्प बसणें ही ह्या विद्येची अर्धी कसोटी, असें म्हणतात. मला मात्र त्या पाऊण तासांत पायाला मुंग्या आल्या, नाकावर एक डांस बसला, आणि त्याला हांकलण्याची सोय नव्हती.

मग तो आला. प्रथम झुडुपांमध्यें एक पांढरा ठिपका दिसला, तो निळा झाला. पिसारा उघडला आणि उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली. पंचेचाळीस पावलें असावींत. आजोबांनीं आधींच एका पडलेल्या खोडाकडे बोट दाखवून, "त्याच्या अलीकडे," एवढेंच सांगून ठेवलें होतें. पक्षी खोडाच्या पलीकडे होता. तो तेथें फिरला, पंख जमिनीला घासले, थांबला, आपल्या अदृश्य प्रेयसीची वाट पाहिली. दहा मिनिटें तरी गेलीं असतील. मुलीच्या मानेची शीर उडतांना मला दिसत होती. तिच्या स्वतःच्या बंदुकीला तो पल्ला कांहींच नव्हता. मीं मनांतल्या मनांत रामरक्षा सुरू केली होती. ती पक्ष्यासाठीं कीं मुलीसाठीं हें आतां मला सांगतां यावयाचें नाहीं.

पक्ष्यानें पिसारा मिटला व तो चालूं लागला. झाडीआड जाईपर्यंत तो खोडाच्या पलीकडेच राहिला.

बारा वाजतां तिनें बंदूक उघडली, दोन्ही काडतुसें काढून खिशांत टाकलीं आणि डोळे पुसले. वाटेंत कोणी बोललें नाहीं. घरीं आल्यावर आजोबा म्हणाले, "बैस. कळींत तेल कोठें आणि किती घालावयाचें तें दाखवितों." ती बैठक दोन तास चालली. शहरांतल्या नातवाला काय कळवावयाचें याची चर्चा त्या रात्रीं त्यांच्या घरांत झाली असावी. दिवा उशिरांपर्यंत जळत होता.

पुढच्या शनिवारीं मी पुन्हां गेलों. ह्या वेळीं पक्षी खोडाच्या अलीकडे आला, चोवीस पावलांवर. पुढचा चाप, उजवी नळी. मला वाटलें होतें कीं तो कापूस पडावा तसा पडेल. तसें झालें नाहीं. डोकें गेलेलें असतांही पंख कितीतरी वेळ जमिनीवर आपटत राहिले, पालापाचोळा उडत राहिला. मुलगी त्याच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली व पंख थांबेपर्यंत तिनें त्याच्या पाठीवर हात ठेवला. आजोबांनीं टोपी काढली. डोक्याचा निळा रंग आमच्यासमोर करडा होत गेला. मला बरें वाटलें नाहीं, आणि दोन दिवस अन्नावर वासना नव्हती हें प्रांजळपणें सांगतों.

तेव्हां भगिनी, तुमच्या प्रश्नास उत्तर असें : तो चाप मला ओढवणार नाहीं, आणि ओढण्याची इच्छाही नाहीं. परंतु ह्याच देशांत वर्षाला सुमारे वीस कोटी पाळीव टर्की कारखान्यांत वाढवून मारले जातात. त्यांची छाती मुद्दाम इतकी फुगविलेली असते कीं त्यांना आपल्या आपण जोडाही जुळवितां येत नाहीं. ते विकत आणून खाणारे माझे कित्येक सुशिक्षित मित्र, आपली माणसेंही त्यांत आलीं, आजोबांना क्रूर म्हणतात. मला ती दहा मिनिटें आठवतात, आणि मी त्या मित्रांच्या बाजूनें बोलूं शकत नाहीं. शोभतें कीं नाहीं तें तुम्ही ठरवावें.

त्या रविवारीं जेवणाचें बोलावणें होतें. माझ्यासाठीं वेगळ्या भांड्यांत बटाटे, घेवड्याच्या शेंगा आणि क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी केली होती; भांडें वेगळें आहे हें मुलीनें मला दोनदां सांगितलें. जेवणानंतर तिनें पंखाचीं बारीक हाडें उकळून, पोखरून, एकांत एक बसवून त्यांची फुंकणी केली. ती तोंडांत धरून हवा आंत ओढली कीं मादीसारखा आवाज निघतो. येथील मूळ रहिवाशांपासून ही रीत चालत आली आहे. पहिल्या प्रयत्नांत तिच्यांतून बदकाचा आवाज निघाला, आणि आजोबा त्या दिवशीं प्रथमच हंसले.

आतां वयोवृद्ध वाचकांच्या प्रश्नाचें उत्तर. नळ्या अठ्ठावीस इंची, वजन साडेसात पौंडांच्या आंतबाहेर, पोलादी, पिळाच्या नव्हेत. आपल्या वडिलांची बंदूक अद्याप घरांत असेल व तिचा परवाना चालू असेल, तर नळ्या दस्त्यापासून सोडवून त्यांच्या खालच्या सपाट भागावरील शिक्के पाहावेत. विलायती असल्यास तेथें लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे परीक्षेचे शिक्के सांपडतील, आणि बिनधुराच्या दारूची परीक्षा झाली असल्यास तसें त्यांत स्पष्ट नमूद असतें. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर मला अवश्य कळवावें, शिक्क्यांचा कागदावर ठसा घेऊन पाठवावा, आजोबांना दाखवीन. काडतूस मात्र घालूं नये.